एक की सात

चॅसिसचा नंबर वाचायचा नसतो, उतरवायचा असतो.
बॉनेट उघडायचं, चिंधीने ग्रीस पुसायचं,
पातळ कागद लावून शिसपेन्सिल आडवी धरायची
आणि हलक्या हाताने घासायचं.
जोर दिला की कागद फाटतो, आकडा घाबरून आत जातो.
हे अप्पांनी शिकवलं, फोंड्याला, आरटीओसमोर,
झेरॉक्सच्या दुकानालगतच्या टेबलावर.
ते टेबल आता माझं.

गाडी लोटलीला, बार्रेटोंच्या कोठारात.
काळी मर्सिडीज, एकशेऐंशी डी, छप्पन सालची.
टपावर भाताच्या रिकाम्या गोणी, मागच्या सीटवर
खुडूक कोंबडी.
"तिला उठवू नको," फिलोमेना म्हणाली,
"बुधवारी एकवीस दिवस होतात."

गिऱ्हाईक बडोद्याचं. फोनवर एकच घोकणं:
नंबर जुळले पाहिजेत, सगळे,
नाहीतर निम्मी किंमत.

घासलं.
शीत टाकल्यावर तळीतले मासे वर यावेत
तसे आकडे एकेक वर आले.
एकशेवीस, ठिपका, एकशेदहा: हे घराणं.
मग हिचे स्वतःचे. अगदी शेवटी एक.
आरसी बुकात शेवटी सात.

एवढ्यावरून गाडी चोरीची ठरते.

फिलोमेनाने कपाटातून लिव्रेत काढलं,
पोर्तुगीज शिक्क्याचं, कसरीने कडा खाल्लेलं.
तिथे एकच होता, पण त्यांच्या वळणाचा:
डोक्यावरून लांब शेंडी, वाकलेल्या झावळीसारखी.
त्यांच्या साताच्या कमरेत आडवी रेघ असते,
ती नसली की तो एक, तिने समजावलं.
बासष्टात अप्पांना कुणी समजावलं नसणार.
बावीस वर्षांचे, मराठी शाळेत १ आणि ७ गिरवलेले,
नव्या कचेरीत नवे नकलनवीस,
जुनी वही नव्या वहीत उतरवत होते.
खाली सही त्यांचीच. तो 'अ' मी ओळखते,
माझ्या प्रगतिपुस्तकावर तोच असायचा.
आणखी किती गाड्या, किती एकांचे सात,
त्या वर्षी किती काय
असंच जरासं चुकून उतरलं असेल,
आणि तेच पुढे खरं धरून
आम्ही दरवर्षी टॅक्स भरत आलो.

इंजिन निराळंच. आत मॅटाडोरचं बसवलेलं.
मूळचं कुठे, विचारलं
तर फिलोमेनाने हनुवटीने नदी दाखवली.

ओहोटीला दुर्भाटच्या धक्क्याखाली उतरले.
ब्याऐंशीपर्यंत ते इनासच्या होडीत होतं,
रेती वाहत होतं. मग थांबलं.
थांबलेल्याला दोर बांधला, नांगर म्हणून सोडलं.
गुडघाभर चिखलात उभी राहून मी
ब्लॉकच्या डाव्या कुशीवरची कालवं
कोयत्याने खरवडली.
कागद भिजला. पेन्सिल उमटेना.
तेव्हा डोळे मिटले आणि बोटाने वाचलं:
सहा, तीन, सहा. खड्डा. नऊ. पुढे गंज.
शेवटी एक उभा दांडा, वर किंचित बाक.
बोट पुन्हा फिरवलं. पुन्हा.
पाणी पोटऱ्यांवर चढायला लागलं होतं.

इनासची सून वरून ओरडली,
"व्हर गे बाये, पूण आदीं
तितल्याच वजनाचें कितें तरी हाड.
होडी कित्याक बांदूं?"

बडोद्याला अजून काही कळवलेलं नाही.
स्टँप पेपर आणून ठेवलाय.
'मी, कै. अच्युत सावईकर यांची मुलगी,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की'
इथवर आलेय.

बुधवारी लोटलीला जायचंय.
नऊ अंडी आहेत, फिलोमेना म्हणते,
अंधारात चाचपून मोजलेली,
एखादं इकडे तिकडे.